भोपळा फुटतो तेव्हा

मराठीत भोपळ्याला फारसा मान नाही. परीक्षेत शून्य मिळालं की 'भोपळा मिळाला', सलामीवीर पहिल्याच चेंडूवर गेला की 'भोपळाही न फोडता परतला', आणि एखाद्याचा गैरसमज दूर झाला की 'भ्रमाचा भोपळा फुटला'. या सगळ्या अर्थांनी एकदम लागू पडावी अशी एक घटना २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात घडली. एका शेतकऱ्याने स्पर्धेसाठी भोपळा आणला. वजन भरलं २५२० पौंड, म्हणजे ११४३ किलो. आपल्याकडच्या छोट्या मोटारीपेक्षा जड. आणि त्याला मिळाला काय? भोपळा! कारण त्याच्या सालीवर नखाएवढी एक भेग सापडली, ती आत पोकळीपर्यंत गेली होती, आणि नियमानुसार फळ बाद.

बातमी वाचून आधी हसू येतं. मग जरा विचार केला की त्या माणसाबद्दल वाईट वाटायला लागतं. वसंत ऋतूत बी लावायचं, जुलैच्या सुमारास परागीकरण करायचं, त्यानंतर तीन महिने एकाच फळाची सेवा करायची, आणि शेवटी एक नखभर भेग. पुढची संधी थेट वर्षानंतर. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रिलीज फसला तर रात्री जागून पॅच टाकता येतो. इथे पॅच टाकायलाच बंदी आहे. (हो, खरंच आहे. नियम पुढे येतोच आहे.)

या प्रकाराचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सगळीकडे लिहिलेलं असतं की अमुक साली अमक्याने इतक्या वजनाचा भोपळा काढला. जणू सगळा प्रश्न भोपळा मोठा कसा करायचा एवढाच. पण जरा खोलात गेलं की वेगळंच चित्र दिसतं. भोपळा मोठा होतोच, त्याला फक्त न फुटता मोठं कसं होऊ द्यायचं, हा खरा प्रश्न आहे. आज त्याचाच इतिहास.

थोरो, विवेकानंद आणि भोपळा

आधी जात सांगतो. आपल्या मंडईत फोडी करून विकतात तो लाल भोपळा किंवा डांगर बहुतेक वेळा कुकुर्बिटा मोश्चाटा या जातीचा असतो. स्पर्धेतले राक्षस हे त्याच्या चुलतभावाचे, कुकुर्बिटा मॅक्झिमाचे. मूळ गाव दक्षिण अमेरिका. तिथून तो युरोपात गेला आणि युरोपातून पुन्हा उत्तर अमेरिकेत आला.

या भोपळ्याचे एक प्रसिद्ध शेतकरी म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो. तेच, ज्यांचा सविनय कायदेभंगावरचा निबंध गांधीजींनी वाचला होता. थोरोंनी १८५७ साली सरकारी पेटंट ऑफिसातून आलेल्या फ्रेंच जातीच्या बिया आपल्या बागेत लावल्या. एका वेलाला एकच फळ धरलं, ते साडेतेवीस वर शंभर पौंड, म्हणजे ५६ किलोचं. त्या भोपळ्याला जिल्ह्याच्या कृषी प्रदर्शनात बक्षीसही मिळालं. १८६० मध्ये जंगलातली झाडं एकामागून एक कशी उगवतात यावर भाषण देताना थोरोंनी हा भोपळाही कौतुकाने सांगितला आहे. बी केवढंसं आणि त्यातून निघतं काय, हा त्यांचा मुद्दा.

पुढचं नाव विल्यम वॉर्नॉक. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या गॉडरिच गावचे. १८९३ साली शिकागोला जे जागतिक प्रदर्शन भरलं, ज्याच्या निमित्ताने सर्वधर्मपरिषद झाली आणि विवेकानंद तिथे बोलले, त्याच प्रदर्शनात वॉर्नॉक यांचा ३६५ पौंडांचा भोपळा होता. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी ४०० पौंड गाठले. १९०४ साली सेंट लुईसमध्ये ४०३.

आणि मग गाडी थांबली. किती वर्षं? ७२! १९०४ चा ४०३ पौंडांचा विक्रम १९७६ साली पेनसिल्व्हेनियातल्या बॉब फोर्ड यांनी मोडला, ४५१ पौंडांनी. दरम्यान दोन महायुद्धं झाली, माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि भोपळा ४८ पौंडांनी वाढला. याउलट १९७६ पासून २०२५ पर्यंतच्या ४९ वर्षांत तो २३६८ पौंडांनी वाढला. काहीतरी बदललं हे उघड आहे. काय बदललं?

दूध पाजायचे दिवस

जुन्या काळी सगळं लक्ष खाऊ घालण्यावर होतं. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या १९३३ च्या 'फार्मर बॉय' या पुस्तकात एक मुलगा भोपळ्याच्या वेलाला दूध पाजतो आणि जत्रेत पहिलं बक्षीस मिळवतो. ही कल्पना त्या काळी लोकांमध्ये चांगलीच मुरलेली होती. वेलाला छेद द्यायचा, वात लावायची, दुधाची वाटी खाली ठेवायची. दुधाने भोपळा वाढत नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण विचाराची दिशा बघा: जास्त घाला, जास्त निघेल.

ही दिशा बदलली नोव्हा स्कॉशियातल्या विंडसर गावच्या हॉवर्ड डिल यांनी. हा माणूस शेतकरी, विद्यापीठाशी संबंध नाही. मोठ्या जातींचा संकर करत आणि दर वर्षी निवड करत डिल यांनी कित्येक वर्षं घालवली. १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं स्पर्धा जिंकली. १९८० साली ४५९ पौंड आणि १९८१ साली ४९३.५ पौंड. त्यांच्या वाणाचं नाव 'डिल्स अटलांटिक जायंट'. आज जगात कुठेही वजनाचा विक्रम होतो तेव्हा त्या भोपळ्याचं गोत्र शेवटी याच वाणाशी जाऊन मिळतं.

डिल यांच्या बियाण्यामुळे मोठं होण्याची भूक आता वेलाच्या रक्तातच आली. मग आकडे भराभर पळाले. १९९६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या पॉला आणि नेथन झेर या दांपत्याने १०६१ पौंडांचा भोपळा काढून हजाराची वेस ओलांडली आणि ५० हजार डॉलरचं बक्षीस नेलं.

पण भूक आली तशी फुटण्याची व्याधीही आली. भोपळ्याच्या आतल्या बाजूने, देठाभोवती किंवा विरुद्ध टोकाभोवती, एक गोल कडं पडतं. ती कमजोर रेष असते, बाहेरून नेहमी दिसतेच असं नाही, आणि एक दिवस तिथूनच फळ उघडतं. शौकीन मंडळी त्याला 'डिल रिंग' म्हणतात. ज्याने हा खेळ उभा केला त्याचंच नाव वाणालाही आणि व्याधीलाही!

थोडं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स

इंजिनिअरिंगला असताना आपण सगळ्यांनी पाठ केलेलं सूत्र आठवा. पातळ भिंतीच्या टाकीत भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. भोपळ्याला हे तंतोतंत लागू होत नाही, कारण इथे मधल्या पोकळीत दाब नसतो, दाब असतो पाण्याने टरारलेल्या गराच्या पेशींत, आणि ताण झेलायची असते बाहेरच्या सालीला. पण अंदाज यायला सूत्र पुरेसं आहे. त्रिज्या वाढली की ताण वाढतो. जाडी वाढली की कमी होतो.

त्यात स्वतःचं वजन. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात सांगून ठेवलंय की प्राणी दुप्पट उंच केला तर वजन आठपट होतं, पण हाडाचा छेद चौपटच वाढतो. तोच न्याय भोपळ्याला. जॉर्जिया टेकच्या डेव्हिड हू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. साधे भोपळे चक्क यंत्रात दाबून, तडकेपर्यंत दाबून, मोजमापं घेतली. त्यांनी दाखवलं ते असं: लहान भोपळा जवळजवळ गोल असतो, पण वाढता वाढता स्वतःच्याच वजनाने बसत जातो. म्हणून स्पर्धेतले भोपळे सिंड्रेलाच्या रथासारखे दिसत नाहीत, हवा गेलेल्या बीन बॅगसारखे दिसतात.

आता वेग बघा. ऐन भरात असताना असा भोपळा दिवसाला २० किलोच्या आसपास वाढतो. म्हणजे तासाला जवळजवळ एक किलो. साल तेवढ्याच वेगाने ताणली गेली पाहिजे. ती दिवसभर उन्हात तापून कडक झाली असेल, आणि त्यात पंधरा दिवस कोरडे गेल्यावर एकदम धो धो पाऊस आला, तर गर फुगतो आणि साल म्हणते, माझ्याच्याने होणार नाही. सोलापूर-सांगोल्याकडे ज्यांची शेती आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. डाळिंब तडकतं ते याच कारणाने, पाण्याची पाळी चुकली की. फरक एवढाच की तिथे बागेत हजारो फळं असतात, इथे एक.

चिरांचे प्रकार आणि त्यांवरचे उपाय

ढोबळमानाने तीन जागा धोक्याच्या.

पहिली, देठ. फळाचे खांदे फुगत फुगत वेलाला भिडतात. वेल जमिनीत मुळं धरून घट्ट बसलेला, हलत नाही. मग देठ ओढला जातो आणि तिथे चीर पडते. यावरचा उपाय फळ फुटबॉलएवढं असतानाच करायचा. रोज थोडं थोडं वळवून फळ वेलाशी काटकोनात आणायचं. घाई केली तर देठच तुटतो, म्हणून आठवडाभर लागतो. शिवाय फळाजवळच्या वेलाला फुटलेली मुळं उपटून टाकायची, म्हणजे भोपळा उंच होईल तसा वेलही वर उचलला जाईल. गंमत बघा, एरवी ही मुळं म्हणजे जास्तीचं अन्न. पण इथे अन्न सोडून मोकळीक घ्यायची.

दुसरी, देठाच्या विरुद्ध बाजूचं फुलाचं टोक. इथली चीर बहुतेक वेळा सरळ पोकळीत जाते. यावर उपाय नाही.

तिसरी, बूड. टनभर वजन जमिनीला चिकटून बसलं आणि फळाला पसरायचं असलं तर खालची साल घासून फाटते. म्हणून भोपळ्याखाली कोरड्या वाळूची गादी करतात. वर दिवसा सावलीचं कापड, रात्री थंडी असेल तर चक्क पांघरूण. लाड म्हणून नव्हे, साल मऊ राहावी म्हणून.

हे सगळं करूनही चीर पडलीच तर? वरवरची असेल तर फळ वाचतं. भोपळ्याला खरवडलं की तिथे बुचासारखा खडबडीत थर धरतो, तशी ती चीर स्वतःच खपली धरते. माणसाचं काम एवढंच, की खपली धरेपर्यंत तिथे कुजू द्यायचं नाही. कुजलेला भाग कोरून काढायचा, बुरशीनाशकाची पूड (आपल्याकडे द्राक्षबागायतदार वापरतात ते कॅप्टनसुद्धा यात आलं) कालवून लेप द्यायचा, आणि चिरेवर चोवीस तास पंखा लावून ठेवायचा. शेतात, फक्त भोपळ्यासाठी, विजेचा पंखा. मुख्य म्हणजे चीर बुजत नाही, फक्त थांबते. खोल गेली की खेळ संपला.

अखंड हवं

आता तो नियम. स्पर्धेत भोपळा पट्ट्यांच्या झोळीत घालून उचलतात आणि परीक्षक खालून, वरून, विजेरी घेऊन तपासतात. सालीवर वरवरची भेग चालते. पण पोकळीपर्यंत पोचलेली चीर किंवा भोक असेल तर फळ बाद. मेण, फोम, सिमेंट, काहीही भरून बुजवलेलं चालत नाही. कडक वाटतो, पण नियमामागचा विचार समजण्यासारखा आहे. भोक चालतं म्हटलं तर त्यातून आत काय काय ओतलं जाईल, हे कल्पक लोकांना सांगायची गरज नाही.

या नियमाचा परिणाम असा, की शेवटच्या महिन्यात शेतकऱ्यापुढे रोज एक प्रश्न उभा राहतो. पाणी आणि खत सुरू ठेवलं तर वजन रोज वाढत राहील, पण फुटेल. आवरतं घेतलं तर फुटणार नाही, पण मागे पडेल. आणि कुठे थांबायचं हे सांगणारा मीटर नाही. लोड टेस्टिंगमध्ये आपण सर्व्हर कोसळेपर्यंत भार वाढवतो आणि मग मर्यादा लिहून ठेवतो. इथे कोसळला तर तोच तुमचा एकमेव सर्व्हर.

हा प्रश्न अंगावर घेऊन जगलेला माणूस म्हणजे ऱ्होड आयलंडचे रॉन वॉलेस. वडील डिक वॉलेस यांच्याबरोबर ते भोपळे लावत. सुझन वॉरन या पत्रकार बाईंनी २००७ साली 'बॅकयार्ड जायंट्स' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात या बापलेकांचा २००६ चा हंगाम आहे. त्या वर्षी रॉन यांनी १५०२ पौंडांचा विक्रम केला. लगेच पुढच्या वर्षी त्याच राज्यातल्या जो जुट्रास यांनी १६८९ करून तो मोडला. मग ओहायो, विस्कॉन्सिन, क्युबेक असा विक्रम फिरत राहिला. शेवटी २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या टॉप्सफील्डच्या जत्रेत काट्यावर आकडा आला २००९ पौंड. मालक रॉन वॉलेस. जगातला पहिला अमेरिकन टनाचा (२००० पौंड) भोपळा, आणि त्यासाठी राखून ठेवलेलं १० हजार डॉलरचं जादा बक्षीस.

जाडीचा शोध

पुन्हा सूत्राकडे येऊ. त्रिज्या वाढवायची आहे, दाब निसर्गाच्या हातात, मग उरलं काय? जाडी.

भोपळा शेतात असताना त्याचं वजन फीतीने अंदाजतात. घेर, आणि वरून दोन दिशांनी माप घ्यायचं, तिन्हींची बेरीज करायची आणि तक्त्यात बघायचं. काही भोपळे काट्यावर तक्त्यापेक्षा हलके निघतात, काही जड. जड निघाला म्हणजे आतली भिंत जाड. शौकिनांनी असे 'जड जाणारे' भोपळे हेरून त्यांच्या बिया लावायला सुरुवात केली. म्हणजे निवड आता नुसत्या आकारावर नाही, भिंतीवरही होऊ लागली. अर्थात एकटी जाडी सगळं करत नाही. २०१५ मध्ये जेसिका सॅव्हेज आणि सहकाऱ्यांनी राक्षसी वाणांची तुलना त्यांच्या पूर्वजांशी केली, तेव्हा राक्षसांमध्ये साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांचं जाळं मोठं आढळलं. थोडक्यात, बँडविड्थ वाढली.

त्यानंतरचे आकडे भराभर सांगतो. २०१४, स्वित्झर्लंडचे बेनी मायर, १०५४ किलो. २०१६, बेल्जियमचे मथियास विलेमाइन्स, ११९० किलो. २०२१, इटलीचे स्टेफानो कुट्रुपी, १२२६ किलो. २०२३, मिनेसोटाचे ट्रॅव्हिस गिंगर, १२४७ किलो. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडचे जुळे भाऊ इयन आणि स्टुअर्ट पेटन, १२७८.८ किलो, म्हणजे २८१९ पौंड.

यादीत नसलेले

ही यादी वाचताना एक गोष्ट विसरायला होते. यादीत फक्त न फुटलेले आहेत. पेटन बंधूंच्या वर आणखी एखादा असेल, जो सप्टेंबरमध्ये कधीतरी मध्यरात्री शेतात फुटला आणि काट्यापर्यंत पोचलाच नाही.

पण या लोकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली आहे, आणि मला या सगळ्या इतिहासात तीच जास्त आवडली. इथे बियांना नाव देतात ते वजन, आडनाव आणि साल असं. उदाहरणार्थ २००६ च्या विक्रमाची बी म्हणजे '१५०२ वॉलेस'. भोपळा फुटलेला असला तरी त्याच्या बिया फेकत नाहीत. नावापुढे 'डीएमजी', म्हणजे खराब झालेला, असं लिहितात. काट्यावर गेलाच नसेल तर 'अंदाजे' असं लिहितात. आणि पुढच्या वर्षी त्या लावतात. कारण फळाला बक्षीस मिळालं नाही म्हणून त्याचं वाण खोटं ठरत नाही. चीर कधी बियाण्यामुळे पडते, कधी नुसत्या एका पावसामुळे, आणि यातलं नक्की काय झालं हे पुन्हा लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आमच्याकडे फसलेल्या प्रोजेक्टचं काय होतं? कोड कुठल्यातरी सर्व्हरवर पडून राहतो, टीम पांगते, सीव्हीत त्याचा उल्लेख नसतो, आणि दोन वर्षांनी दुसरी टीम तीच चूक नव्याने करते. नावापुढे 'डीएमजी' लिहून बी जपून ठेवणं कुणालाच सुचत नाही, सुचलं तरी अप्रेझलच्या भीतीने कुणी लिहिणार नाही. ७२ वर्षांत ४८ पौंड आणि पुढच्या ४९ वर्षांत २३६८, या फरकात डिल यांच्या संकराचा वाटा मोठा आहे, प्रश्नच नाही. पण फुटलेल्या भोपळ्याची नोंद न लाजता ठेवण्याचाही आहे, असं मला वाटतं.

असो. जाता जाता एक. डिल यांच्या विंडसर गावात १९९९ पासून भोपळ्यांची शर्यत सुरू झाली. राक्षसी भोपळे कोरून पोकळ करायचे, आत बसायचं आणि वल्ही मारत तळं पार करायचं. लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड झालेली आपली म्हातारी भोपळ्यात बसून जंगल पार करते, ती गोष्ट त्यांना कुणी सांगितली नसणार. पण सांगितली तर त्यांना ती गोष्ट वाटणारच नाही. फक्त विचारतील, देठाला चीर होती का?